शेवटचा हात कुणाचा?

सोनबांना मी दीड वर्ष दर गुरुवारी बघत होते, पण ते कोण हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे नाव ठाऊक होतं, वाघोलीचे हेही ठाऊक होतं. दुपारी दोनच्या सुमाराला बसमधून उतरून अपेक्षाचा हात धरून ते आमचे दोन जिने चढायचे. तिला आत सोडायचे, चपला भिंतीला लावून नीट जोडीने ठेवायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. पाणी विचारलं तर "असू द्या ताई" म्हणायचे आणि दिलं तर दोन तांबे प्यायचे. एवढीच ओळख.

अपेक्षा त्यांच्या शेजारची मुलगी. जन्मापासून दृष्टी नाही. त्या वर्षी, म्हणजे २००७ साली, ती दहावीला होती. वाघोलीच्याच साध्या शाळेत, डोळस मुलांबरोबर. आईवडील दोघेही कामावर, म्हणून तिला शहरात आणायचं काम सोनबांनी आपणहून घेतलं होतं.

आमचं मंडळ मंडईच्या मागे, दोन खोल्यांचं. अशा मुलांसाठी आम्ही शाळेची पुस्तकं संगणकावर टाइप करतो, मग ती ब्रेलमध्ये छापली जातात. छापायचं यंत्र आमचं नाही. एका दुसऱ्या संस्थेकडे आहे, तिथे पाळीने मिळतं. पाळी चुकली की पुन्हा तीन-चार महिने थांबायचं.

त्या वर्षी अपेक्षाचा इतिहास आम्ही घेतला होता. टायपिंग मी आणि दीपमाला करायचो. दीपमाला तेव्हा एम.ए. करत होती, बोटं माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने चालायची. पण टायपिंगपेक्षा अवघड काम नकाशांचं. नकाशा ब्रेलमध्ये कसा देणार? तो शब्दांत लिहावा लागतो. आम्ही लिहायचो आणि गुरुवारी अपेक्षाला वाचून दाखवायचो.

"उजवीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे की नकाशाच्या?" ती विचारायची.

"दोन्ही एकच ना गं," दीपमाला म्हणायची.

"तुम्हाला एकच असेल."

मग आम्ही पुन्हा लिहायचो. असे एकवीस नकाशे आणि चित्रं त्या फाइलीत होती. ती कुठल्याच पुस्तकात छापलेली नव्हती, आमच्या त्या एका मशीनमध्येच होती.

मशीन आम्हाला हिंजवडीच्या एका कंपनीतल्या मुलांनी जुनं म्हणून दिलं होतं. समर्थ नावाच्या मुलाने त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं, कारण ते फुकट आणि मराठीला चांगलं. त्याने दोन खाती केली. एक 'सेवा', आम्ही रोज काम करायचो ते. दुसरं मालकाचं. त्याचा पासवर्ड एका पाकिटात घालून त्याने आमच्या अध्यक्षांकडे दिला आणि मला बजावलं, "काकू, हे रोज वापरायचं नाही. नवीन काही बसवायचं असेल तरच." एका कागदावर त्याने ते कसं करायचं तेही लिहून दिलं. जूनमध्ये फाइलींची एक सीडी काढून दिली आणि तो अमेरिकेला गेला. त्यानंतर सीडी काही कुणी काढली नाही. आज काढू, उद्या काढू, असं चाललं होतं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी सकाळी मशीन सुरू केलं. 'सेवा' लिहिलं, पासवर्ड लिहिला. पडदा काळा झाला, क्षणभर काही हललं, आणि पुन्हा नाव विचारणारा पडदा समोर. मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा लिहिला. पुन्हा तेच. दीपमालाने लिहिला. तेच. दाराशी गेलं, दार उघडलं, आणि कुणी हळूच खांद्याला धरून पुन्हा बाहेर उभं करावं तसं.

"पासवर्ड बदललाय कुणीतरी," दीपमाला म्हणाली.

"कोण बदलणार? तू आणि मी."

मग पाकिटाची आठवण झाली. कपाट उघडलं. पाकीट नव्हतं. सगळे कप्पे काढले, अध्यक्षांच्या टेबलाचे खण उपसले. नाही म्हणजे नाही.

आमचे अध्यक्ष रावसाहेब. निवृत्त मुख्याध्यापक. बोलणं मोजकं आणि तिरकं, पण मंडळासाठी उन्हातान्हात हिंडणारा माणूस. त्यांनी बुधवार पेठेतून एक दुरुस्तीवाला बोलावला. त्याने बुधवारी येऊन पाच मिनिटं बघितलं.

"हे लिनक्स आहे," तो म्हणाला, रोगाचं नाव सांगावं तसं. "आम्ही नाही करत. फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. शुक्रवारी माणूस पाठवतो."

"आणि आतलं?" मी विचारलं.

"आतलं जाणार."

"थोडं वाचेल का?"

"बाई, घर पाडून नवीन बांधायचं म्हणताय आणि विचारताय, पडदे राहतील का."

आमची छापायची पाळी येत्या सोमवारी होती. ती गेली की पुढची फेब्रुवारीत, आणि परीक्षा मार्चमध्ये. जूनच्या सीडीत पहिले चार धडे होते. बाकीचं आठवडाभरात पुन्हा टाइप होणं शक्यच नव्हतं. पण मशीन बंद ठेवूनही काही मिळणार नव्हतं. रावसाहेबांनी मान हलवली. "शुक्रवारी पाठवा."

त्या संध्याकाळी घरी जाताना दगडूशेठपाशी रस्त्यावरूनच हात जोडले. काय मागावं हेही सुचेना. फाइल परत दे, असं देवाला कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी गुरुवार. अपेक्षा आली. तिला सांगणं माझ्याच वाट्याला आलं. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इतिहास ऐकूनच करायचा. करते मी. सनावळ्याच तेवढ्या राहत नाहीत."

बाहेरच्या बाकावरून आवाज आला, "ताई, मशीन काय म्हनतंय नेमकं?"

मी बाहेर जाऊन सोनबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फारमॅट नका करू. मी एकदा बगू का?"

रावसाहेब आतच होते. "आपण कारखान्यात लेथवर होता ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय. चोवीस वर्षं."

"हा लेथ नाही."

"ते दिसतंय साहेब," सोनबा शांतपणे म्हणाले. "पर उद्या पुसायचंच हाय, तर आज मी बिघडवून बिघडवून किती बिघडवनार?"

रावसाहेबांनी खुर्ची पुढे सरकवली.

सोनबांची हकिगत मला त्या दिवशी आणि पुढे थोडी थोडी कळली, ती इथेच सांगते. नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते टर्नर होते. शिक्षण आठवीपर्यंत. २००० साली त्यांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. भाऊ म्हणाले जमिनीकडे बघ, पण जमिनीवर तोवर कॉलेज आणि इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. बघायला काय उरलं होतं! एकदा बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक इंग्रजी मासिक दिसलं, त्याला लिनक्सची सीडी चिकटवलेली. पुतण्याचा अडगळीतला संगणक त्यांनी मागून घेतला. इंग्रजी शब्द शब्दकोशात बघत, शंभरपानी वहीत मराठीत उतरवत, ते सहा-सात वर्षं एकटेच शिकत होते. गावात कुणाला सांगितलं नव्हतं. अपेक्षाला तेवढं ठाऊक होतं. ती म्हणायची, "आबा रोज मशीन मोडतात आणि रोज लावतात."

तर सोनबा खुर्चीवर बसले. मला वाटलं आता भराभर कळा दाबतील. त्यांनी कळफलकाला हातच लावला नाही. पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली. पडद्यावर जे जे लिहिलं होतं ते सगळं उतरवून घेतलं. मागच्या वायरी बघितल्या, त्यांचं छोटंसं चित्र काढलं. मग मला 'सेवा'चा पासवर्ड स्वतः लिहायला लावला आणि काळा पडदा येऊन जाताना त्यावर क्षणभर चमकणारी ओळ वाचायला डोळे बारीक करून बसले. ती ओळ धरायला मला चार वेळा तेच करावं लागलं.

"पासवर्ड बरोबर हाय," ते म्हणाले.

"मग आत का घेत नाही?" दीपमालाने विचारलं.

"चुकीचा असता तर मशीननं तोंडावर सांगितलं असतं. ह्ये आत घेतंय, पर आतली एक फाइल त्याला बदलता येईना, म्हनून भाईर काढतंय." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "चालू होतं तवा मशीनला शेवटचा हात कुनी लावला?"

"मी," दीपमाला म्हणाली. "शुक्रवारी. नीट बंद केलं होतं."

"त्याच्यानंतर?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "शनिवारी खंडेनवमी, रविवारी दसरा. काम बंद होतं."

"कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही हो."

त्यांनी वहीत लिहिलं: शुक्रवार, दीपमाला. त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. "कारखान्यात पाळी बदलली की पहिला प्रश्न ह्योच असायचा," ते म्हणाले. "उत्तर कवाच मिळायचं न्हाई."

मग त्यांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि सुरू होता होता एक कळ दाबून धरली. नेहमीचा रंगीत पडदा आलाच नाही. पांढऱ्या अक्षरांची काळी यादी आली. त्यातली दुरुस्तीची ओळ त्यांनी निवडली. अक्षरं सरसर वर गेली आणि खाली एक ओळ लुकलुकत थांबली.

"आता आपन मालक म्हनून आत हाय," सोनबा म्हणाले. "रूट. ह्या मशीनमधी त्याच्या वर कुनी न्हाई."

रावसाहेब पुढे वाकले. "पासवर्ड न मागता?"

"न मागता."

"म्हणजे कुणीही येऊन असं उघडू शकतो?"

"मशीनपाशी बसू दिलं तर व्हय. म्हनून खोलीला कुलूप पायजे. मशीनचं कुलूप लांबच्यासाठी असतंय, जवळच्यासाठी न्हाई."

त्यांनी एक आज्ञा लिहिली. 'सेवा'च्या घरातल्या सगळ्या फाइलींची यादी आली. प्रत्येक ओळीत फाइलीचं नाव, तिचा मालक, आणि तिला शेवटचा हात लागला ती तारीख-वेळ. सोनबांचं बोट पडद्यापासून इंचभर लांबून खाली खाली सरकत गेलं. सेवा, सेवा, सेवा. मग थांबलं.

"इथं बगा. ही लपलेली बारकी फाइल. आत येताना मशीन हिच्यात दर वेळी नवं लिहितंय. हिचा मालक रूट. आन इथं बगा. हा तुमचा इतिहास. मालक रूट. घर सेवाचं, पर ह्या दोन वस्तू दुसऱ्याच्या मालकीच्या. सेवाला त्या वाचायला मिळतील, पर लिहायला हात लावू द्यायच्या न्हाईत."

"पण फाइल आहे?" मी विचारलं. "आत आहे?"

"हाय की. अख्खी हाय."

मी खुर्चीची पाठ धरली. अपेक्षा दारात उभी होती, तिने दाराची चौकट धरली.

"आता येळ बगा," सोनबा म्हणाले. "दोन्हीला एकच. वीस ऑक्टोबर. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं."

वीस ऑक्टोबर. शनिवार. अकरा चाळीसचा मुहूर्त तर मीच पंचांगात बघितला होता.

"त्या दिवशी काम नव्हतं," मी म्हटलं. "पूजा होती."

खंडेनवमीला आम्ही दर वर्षी मशीनची पूजा करतो. झेंडूचा हार, हळदकुंकू, उदबत्ती जरा लांब. त्या वर्षी मला वाटलं, दसऱ्यापासून शेवटचा धडा सुरू होणार, तर फाइलीच्या माथ्यावर अध्यक्षांच्या हाताने 'श्री' लिहून घ्यावा. वडीलधाऱ्याच्या हाताने आरंभ व्हावा, एवढंच. पण 'सेवा'च्या नावाने अध्यक्षांनी कसं लिहायचं? ते बरं दिसेना. म्हणून मी पाकीट उघडलं. समर्थने दिलेल्या कागदावर बघून, नवीन काही बसवताना लिहायची ती ओळ लिहिली, पासवर्ड दिला, आणि मालकाच्या अधिकाराने फाइल उघडून रावसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी एका बोटाने 'श्री' शोधून शोधून लिहिला. जतन केला. आम्ही नमस्कार केला. पेढे वाटले.

आणि सोनबांनी तीन-तीनदा विचारूनही मी 'कुणीच नाही' म्हणाले, ते खोटं बोलायचं म्हणून नाही. पूजा म्हणजे हात लावणं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"पाकीट?" दीपमालाने हळूच विचारलं. "काकू, पाकीट त्या दिवशी कुठे ठेवलंत?"

ते मी मशीनपुढे ठेवलं होतं. किल्लीची पूजा करतात तशी त्यालाही हळदकुंकू वाहिलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करण्याआधी सुकलेली फुलं, आपट्याची पानं, सगळं एका पिशवीत भरून मी पुलावरच्या निर्माल्य कलशात नेऊन टाकलं. त्या फुलांत काय काय गेलं ते मी बघितलं नव्हतं.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. मग रावसाहेब म्हणाले, "म्हणजे माझ्याच हाताने झालं."

"हात तुमचा, साहेब," सोनबा म्हणाले. "पर कुलूप मशीननं आपल्या आपन घातलं. मालकानं हात लावला की वस्तू मालकाची. त्याला काय ठावं, तुम्ही आशीर्वाद द्यायला आला होता ते."

रावसाहेबांना हसू आलं. मी त्यांना फार कमी वेळा हसताना बघितलं आहे.

पुढचं काम दोन मिनिटांचं. सोनबांनी वहीतलं जुनं पान काढलं, आज्ञा आधी कागदावर लिहिली, मला अक्षर-अक्षर वाचून दाखवायला लावलं, मगच मशीनवर उतरवली. त्या दोन्ही फाइली पुन्हा 'सेवा'च्या नावावर झाल्या.

"आता मालकाच्या खात्याला नवा पासवर्ड. साहेब, तुम्ही बसा." खुर्ची रिकामी करून सोनबा कोपऱ्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

"अहो, तुमच्यापासून काय लपवायचं?"

"ज्याचं त्यानं ठेवावं."

रावसाहेब टाइप करू लागले आणि थबकले. "काही उमटतच नाही!"

"उमटायचं न्हाई. ते तसंच असतंय. लिहीत ऱ्हावा."

"मग लिहिलं ते बरोबर की चूक, कळायचं कसं?"

"म्हनून तर दोनदा मागतंय."

रावसाहेबांना पाच खेपा लागल्या. दोन्ही वेळा सारखं काही होईना. सोनबा भिंतीकडे बघतच उभे. दीपमाला ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होती. पाचव्या खेपेला झालं.

मशीन पुन्हा सुरू केलं. मी 'सेवा' लिहिलं, पासवर्ड लिहिला. पडदा काळा झाला. आणि आत गेलं. नेहमीचं आमचं चित्र, फाइली जागच्या जागी. इतिहास उघडला. पहिल्या ओळीवर रावसाहेबांचा 'श्री'. खाली टाइप झालेले सगळे धडे, एकवीसच्या एकवीस नकाशे-चित्रं.

चहा आला. सोनबांनी बशीत ओतून घेतला. रावसाहेबांनी विचारलं, "भिंतीकडे तोंड करायचं कुठे शिकलात?"

सोनबांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "कारखान्यात शेवटच्या वर्षी कॉम्प्युटरवाली मशीनं आली. पासवर्ड नव्या इंजिनीअरकडं. आमी धार लावायची, माल लावायचा. तो आकडे बदलाय लागला की म्हनायचा, सोनबा, तिकडं बगा. त्याची चूक न्हवती, त्याला वरनं सांगितलेलं. म्हनून मी व्हीआरएस घेतली. तवा ठरवलं, उघडून बगता येईल असं मशीन शिकायचं. पर दुसऱ्याची किल्ली बगायची न्हाई, ती सवय लागली ती लागली."

रावसाहेबांनी स्वतः उठून त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला.

शुक्रवारचा माणूस त्यांनीच फोन करून रद्द केला. "आमच्याकडे लिनक्सवाला आहे," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

निघताना पासवर्डचं नवं पाकीट हातात घेऊन ते उभे. "आता हे ठेवायचं कुठे?"

"कुलपाच्या कपाटात," सोनबा म्हणाले. "आन पुढच्या खंडेनवमीला ताईंना एक रिकामं पाकीट द्या पूजेला."

तेव्हापासून आम्ही तसंच करतो. रिकाम्या पाकिटाला हळदकुंकू वाहते मी, मनोभावे. 'श्री' अजून वडीलधाऱ्याच्याच हाताने, पण 'सेवा'च्या खात्यातून. आणि वहीत त्याची नोंद: अमुक वाजता, अमुक यांचा हात. ती वही सोनबांनी आणून दिलेली. पुढे दर गुरुवारी ते बाकावर न बसता आतच बसू लागले. सीडी काढायचं काम त्यांचं.

रविवारपर्यंत बसून आम्ही राहिलेला धडा पुरा केला आणि सोमवारी इतिहास छापायला गेला. तीन जाड खंड झाले. दिवाळी झाल्यावर पहिल्या गुरुवारी अपेक्षा आली, तेव्हा ते मी तिच्यापुढे ठेवले. तिने पहिला उघडला, डावा हात पानाच्या कडेला ठेवला, उजव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर फिरवलं आणि मागे आणलं. पुन्हा फिरवलं.

"आबा, इथे 'श्री' आहे," ती म्हणाली. "शाळेच्या पुस्तकात नाहीये तो. मुलं धडा वाचतात तेव्हा मी ऐकलंय, तिथे एकदम धडाच सुरू होतो."

मी सोनबांकडे बघितलं. काढायचा राहून गेला होता, की कुणाला काढवला नव्हता, आता आठवत नाही.

"असू दे," सोनबा म्हणाले. "तो साहेबांचा हाय. फुडं वाच."

तिने बोट खालच्या ओळीवर नेलं.